सी ड्राइव्ह फुल, म्हणून प्रीमिअर डीवर? एका लग्न-स्टुडिओचं प्रकरण

तुळशीचं लग्न लागलं की तालुक्याच्या गावातल्या फोटो-व्हिडिओवाल्यांना मान वर करायला सवड नसते. हे प्रकरण अशाच एका स्टुडिओचं, सांगली जिल्ह्यातलं. दुकान जुनं, मालक व्हीएचएस कॅसेटच्या काळापासून या धंद्यात. गाव त्यांना अण्णा म्हणतं, आपणही तेच म्हणू. एडिटिंगला पंचविशीचा एक मुलगा. मशीन एकच, आणि त्यावर ओळीनं लग्नं उभी. एडिटिंग चालतं प्रीमिअरवर, ॲडोबी कंपनीच्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. अण्णांचा फोन एका वाक्याचा होता: "सी ड्राइव्ह लाल झालाय, तेवढं प्रीमिअर डीवर टाकून द्या."

स्टुडिओंची मशीन बांधणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे ही मागणी दर लगीनसराईत कानावर पडते. तिच्यात दुखणं काय आणि औषध काय हे गिऱ्हाइकानं आधीच ठरवलेलं असतं. दुखणं खरं असतं, औषध बहुतेक वेळा नाही. सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर टाकता येतं का, तर येतं. ते कसं, तेही पुढे येईल. पण या मशीनवर प्रीमिअर शेवटी सीवरच राहिलं, आणि दुसरंच एक सॉफ्टवेअर नव्या ड्राइव्हवर गेलं. असं का, त्याची ही हकीकत.

मशीन वाईट नव्हतं. सहा कोअरचा इंटेल प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी मेमरीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. सी, म्हणजे विंडोज बसलेला ड्राइव्ह, २४० जीबीची साटा एसएसडी (केबलनं जोडलेली, आत काही न फिरणारी डिस्क), डी म्हणजे २ टीबीची फिरती हार्ड डिस्क. अण्णांची पहिली तक्रार अशी की दुकानदारानं २४० सांगून २२३ दिली. दुकानदाराचा त्यात दोष नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून २४० ची २२३ होते आणि २ टीबी डिस्क १.८१ टीबी दिसते.

सगळ्यात आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर गेलो. तिथे प्रत्येक खरी डिस्क वेगळी दिसते आणि तिच्यापुढे तिच्यावरची अक्षरं लिहिलेली असतात. 'डिस्क ०' समोर सी आणि डी दोन्ही दिसले तर ती एकच डिस्क, मधे भिंत घालून दोन खोल्या केलेली. लॅपटॉपमध्ये हे फार असतं. तिथे सीवरचं सॉफ्टवेअर डीवर नेल्यानं सीवर थोडी जागा होते, वेगात काडीचाही फरक पडत नाही, कारण वाचणारी डिस्क तीच. या मशीनवर मात्र दोन्ही खरोखर वेगळ्या होत्या, म्हणजे प्रश्न विचारण्याजोगा होता.

प्रीमिअर उघडून बघावं म्हटलं, तर ते उघडेचना. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की विंडोज म्हणायचं, शॉर्टकट ज्या फाइलकडे नेतो ती फाइलच सापडत नाही. एडिटर मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा, मी काल ते फोल्डर कट करून डीवर पेस्ट केलंय. जागा होईल म्हटलं." प्रोग्राम फाइल्समधलं ॲडोबीचं फोल्डर त्यानं उचलून डीवर नेलं होतं. नकार देणाऱ्या दोन-चार फाइली सीवरच राहिल्या होत्या.

असं करणारा तो पहिला नाही, आणि त्यात मूर्खपणाही नाही. फोटो, गाणी, फुटेज हे सगळं कट-पेस्ट करूनच हलतं, मग सॉफ्टवेअर का नाही? कारण इन्स्टॉल होताना सॉफ्टवेअर आपला पत्ता ठिकठिकाणी लिहून ठेवतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, स्टार्ट मेन्यूत, कुठल्या प्रकारची फाइल कशानं उघडायची त्या नोंदींत. शिवाय त्याचा सगळा संसार एका फोल्डरात नसतो. ॲडोबीची लायसन्सची आणि सामायिक सामग्री कॉमन फाइल्समध्ये आणि प्रोग्रामडेटात बसते, माणसाच्या आवडीनिवडी यूजर्सच्या आत लपलेल्या ॲपडेटात. फोल्डर हललं, पत्ते जुनेच राहिले. यावर उपाय एकच: सॉफ्टवेअर नीट काढायचं आणि पुन्हा नीट टाकायचं. क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे ॲडोबीची सॉफ्टवेअरं टाकणारं-काढणारं ॲप, त्यातून काढताना ते विचारतं की सेटिंग्ज ठेवायची की पुसायची. तिथे ठेवायचं म्हणून सांगावं, नाहीतर मुलानं बसवलेले कीबोर्ड शॉर्टकट आणि विंडोंची मांडणी पुन्हा पहिल्यापासून लावत बसावं लागतं.

पुन्हा टाकण्याआधी सीवर नक्की काय बसलंय ते मोजायचं ठरवलं. विनडरस्टॅट नावाचं फुकट मिळणारं एक साधन आहे. ते डिस्क चाळतं आणि प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या चौकोनात रंगवून दाखवतं. अण्णा चष्मा सावरून मागे उभे होते. चित्र पूर्ण झालं तेव्हा स्क्रीनचा जवळपास अर्धा भाग दोनच मोठ्या ठिगळांनी व्यापला होता, आणि ती दोन्ही ठिगळं सॉफ्टवेअरची नव्हती.

२२३ पैकी जेमतेम ४ जीबी मोकळे. विंडोजचं फोल्डर २८ जीबी. प्रोग्राम फाइल्सची दोन्ही फोल्डरं मिळून, म्हणजे टॅली, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, अल्बमचं सॉफ्टवेअर, आफ्टर इफेक्ट्स (ॲडोबीचंच, इफेक्ट्ससाठीचं) असं सगळं धरून, आणि पोरानं हलवलेलं प्रीमिअर परत मिळवून, १९ जीबी. त्यात एकट्या प्रीमिअरचे सहाच्या आसपास. आता ठिगळं: ॲपडेटाच्या आत ॲडोबीच्या कॉमन फोल्डरात मीडिया कॅश ७१ जीबी. आफ्टर इफेक्ट्सची डिस्क कॅश ३८ जीबी. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स मिळून २७. डॉक्युमेंट्समध्ये प्रोजेक्टच्या शेजारी साचलेल्या प्रिव्ह्यू फाइली आणि ऑटो-सेव्हच्या प्रती १४. बाकी पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल, आणि हायबरनेशनची, म्हणजे मशीन झोपवताना रॅम उतरवून ठेवायची, ६.४ जीबीची फाइल. ती रॅमच्या ४० टक्के असते, १६ चे ४० टक्के म्हणजे बरोबर तेवढे.

"अवो, पण सॉफ्टवेअर तरी हलवा की, तेवढंच हलकं होतंय," अण्णा म्हणाले.

हिशोब करून दाखवला. प्रीमिअर डीवर नेलं तर सीवर सहा जीबी सुटणार. ॲडोबी स्वतः इन्स्टॉलसाठी ८ जीबी मोकळी जागा मागते, म्हणजे तेही फार मोठं प्रकरण नव्हे. आणि त्यातलाही सामायिक भाग सीवरच राहतो, तुम्ही जागा कुठलीही निवडा. प्लगइनचं, म्हणजे जोडीला टाकलेल्या छोट्या सॉफ्टवेअरांचंही तसंच. बाहेरचे बरेच प्लगइन सीवरच्या ॲडोबीच्या कॉमनमधल्या मीडियाकोर फोल्डरात जाऊन बसतात, प्रीमिअर तिथूनच ते वाचतं. सुटलेले सहा जीबी मीडिया कॅश एका लग्नात खाऊन टाकते.

मीडिया कॅश म्हणजे काय हे इथे थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक स्टुडिओंत तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं. क्लिप प्रोजेक्टमध्ये ओढली की प्रीमिअर खाली उजव्या कोपऱ्यात एक पट्टी चालवतं. तेव्हा ते आवाज आपल्याला सोयीच्या रूपात उतरवून घेतं, त्या फाइलींच्या शेवटी सीएफए असतं. आवाजाची लाट काढण्यासाठी पीईके फाइली करतं. काही जातींच्या व्हिडिओची अनुक्रमणिकाही करतं. हे सगळं मूळ फुटेजच्या बाहेर साठतं. लग्न देऊन झालं, फुटेज पुसलं, तरी कॅश तशीच राहते. तिला आपोआप पुसायची सोय प्रीमिअरमध्ये आहे, वय बघून किंवा एकूण आकार बघून. इथे 'आपोआप काहीही पुसू नका' हे निवडलेलं होतं. मागच्या हंगामातली लग्नं, साखरपुडे, एका बारशाचा व्हिडिओ, सगळ्यांचे अवशेष तिथे होते.

एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढणं, अर्ध्यात मोडतं अशीही तक्रार होती, तिचंही कोडं इथेच सुटलं. मुलगा फायनल फिल्म डेस्कटॉपवर काढायचा, पार्टी आली की पेनड्राइव्हवर टाकायला सोपं म्हणून. डेस्कटॉप दिसतो स्क्रीनवर, पण बसतो सीवरच, यूजर्सच्या आत. अडीच तासांची फुल एचडी फिल्म १६ मेगाबिट प्रति सेकंदानं (आठ बिटांचा एक बाइट) काढली तर तासाला ७.२ जीबी, म्हणजे एकूण १८. मोकळे चार. एक्स्पोर्ट पूर्ण होणार कुठून?

आता डीकडे. समजा हट्टानं प्रीमिअर तिथे टाकलंच असतं, तर? टाकता आलं असतं. क्रिएटिव्ह क्लाउडच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲप्सच्या पानावर इन्स्टॉलची जागा बदलता येते. ती जागा पुढे टाकल्या जाणाऱ्या ॲपना लागू होते. आधीपासून असलेलं तिथून उठून जात नाही, ते काढूनच टाकावं लागतं. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड असल्या काढत्या-घालत्या फ्लॅशवर ॲडोबी इन्स्टॉल होऊ देत नाही, आणि ते बरंच आहे.

पण ती डिस्क बघण्यासारखी होती. मुहूर्ताचं फुटेज एकदम चालवून बघितलं: दोन कॅमेरे आणि वरून ड्रोन, तिन्ही फोरके. सोनीच्या एक्सएव्हीसी एस या फॉरमॅटमध्ये फोरके १०० मेगाबिटनं शूट होतं, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ड्रोनचा आकडाही तेवढ्याच घरातला. तिन्ही मिळून सेकंदाला चाळीसच्या आत. चांगली हार्ड डिस्क एका ओळीत वाचायला सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या घरात देते, म्हणजे कागदावर सगळं बसतं. प्रत्यक्षात टास्क मॅनेजरमध्ये डीचा वेळ १०० टक्क्यांवर चिकटला होता आणि वाचन विशीत अडखळत होतं. कारण ओळीत वाचन होतच नाही. तीन फाइली डिस्कच्या तीन वेगळ्या जागी, आणि वाचणारं हेड एकच. ते सतत इकडून तिकडे उड्या मारत होतं. हार्ड डिस्कचा वेग या उड्यांतच मरतो. त्यात प्रीमिअर स्वतः तिथेच असतं, तर उघडताना हजारो बारीकसारीक फाइली त्याच हेडनं गोळा केल्या असत्या, फॉन्ट आणि प्लगइनसकट. आणि कॅशही तिथेच नेली असती तर मग बोलायलाच नको. एसएसडीवरून फिरत्या डिस्कवर सॉफ्टवेअर नेणं म्हणजे पायरी उतरणं, जागा कितीही मोकळी असो.

दुसरं कारण जास्त गंभीर होतं. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं तर डीचा रंग पिवळा आला, 'कॉशन'. खराब झालेले सेक्टर बदलून टाकल्याच्या आणि बदलायच्या राहिलेल्यांच्या नोंदी तिच्यावर होत्या. अशी डिस्क आणखी वर्षभर चालेलही, उद्या सकाळी बंदही पडेल. तिच्यावर सॉफ्टवेअर टाकायचं सोडाच, आधी तिच्यावरची लग्नं दुसरीकडे उतरवायची. अण्णांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. सी लाल झाल्यावर ते चिडले होते, डी पिवळी बघून घाबरले. बरोबरच आहे. सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं, कुणाच्या मुलीची पाठवणी पुन्हा शूट करता येत नाही. बाहेरची एक डिस्क त्याच संध्याकाळी आणून कॉपी लावून दिली, इतर काम त्यानंतर.

मधेच मुलानं एक पर्याय काढला. "दादा, यूट्यूबवर एकजण सांगतोय, जंक्शन केलं की सॉफ्टवेअर डीवर राहतंय आणि विंडोजला वाटतंय ते सीवरच आहे." तो चुकीचं सांगत नव्हता. विंडोजमध्ये एमकेलिंकच्या आज्ञेनं असं जंक्शन करता येतं. फोल्डर खरं दुसऱ्या ड्राइव्हवर, जुन्या जागी फक्त त्याकडे नेणारं दार. कॅशसारख्या गोष्टीला मी तेही एखादवेळी केलंय, जिथे सॉफ्टवेअर जागा बदलू देत नाही तिथे. पण प्रीमिअर स्वतः कॅशची जागा विचारतं, मग चोरदार कशाला? आणि आख्खा प्रोग्राम जंक्शनवर ठेवला की पुढच्या अपडेटच्या वेळी इन्स्टॉलर त्या दाराशी कसा वागेल याचा भरवसा नसतो. लगीनसराईत अशी खोडी नको.

मदरबोर्डवर एक एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायची खाच, रिकामा होता. काही बोर्डांवर तिथे साटा जातीची पट्टी लावली की एक साटा पोर्ट बंद होतो, मग जुनी डिस्क गायब झाली म्हणून आरडाओरडा. बोर्डाच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं, आणि एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीला ती अडचण नव्हती. म्हणून १ टीबीची एनव्हीएमई घेतली. खरं सांगायचं तर साटा एसएसडीनंही भागलं असतं. एनव्हीएमईचा सेकंदाला तीन हजार मेगाबाइटचा आकडा खोक्यावर छान दिसतो, पण तीन कॅमेऱ्यांच्या या टाइमलाइनला (एडिटिंगच्या पट्टीला) चाळीस लागतात. कामाला येतो तो गुण वेगळा: एसएसडीत हेड नाही, उड्या नाहीत, तीन जागचं एकदम वाचायला तिला त्रास होत नाही. हा गुण साटामध्येही आहे. इथे स्लॉट रिकामा होता आणि केबल वाचत होती, एवढंच.

नवी डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) करून एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइल-मांडणीत, फॉरमॅट केली. एक्सफॅटच्या मोहात पडू नये. तो मॅक आणि विंडोजमध्ये फिरणाऱ्या बाहेरच्या डिस्कला ठीक, सॉफ्टवेअर बसवायच्या आतल्या डिस्कला नाही. विंडोजनं तिला ई अक्षर दिलं होतं. ते बदलून डिस्क मॅनेजमेंटमधून व्ही दिलं. ही बारीक गोष्ट वाटते, पण या स्टुडिओत कार्ड रीडर, दोन पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क असा सतत राबता, आणि ही मंडळी ई, एफ, जी अशी मिळेल ती अक्षरं घेत असतात. ज्या ड्राइव्हवर सॉफ्टवेअर किंवा प्रोजेक्ट आहे त्याचं अक्षर एकदा बदललं की शॉर्टकट मेले, आणि प्रीमिअर प्रत्येक क्लिपसाठी 'कुठे आहे?' विचारत बसतं. वर्णमालेच्या शेवटाकडचं अक्षर घेतलं की कुणी धक्का लावत नाही. ड्राइव्हवरच्या फोल्डरांची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवली. काही जुने प्लगइन देवनागरी नावाच्या फोल्डराशी अडतात, हे दुसऱ्या एका स्टुडिओत बघून झालंय.

मग हलवाहलव. प्रीमिअर सीवरच पुन्हा टाकलं. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशच्या पानावर दोन जागा विचारल्या जातात, एक कॅश फाइलींची आणि एक त्यांच्या डेटाबेसची. दोन्ही व्हीवर दिल्या. लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. जुनी कॅश तिथल्याच डिलीटच्या बटणानं उडवली. सगळीच्या सगळी पुसायची असेल तर प्रीमिअर बंद करून पुन्हा उघडावं, कुठलंही प्रोजेक्ट न उघडता, नाहीतर ते फक्त वापरात नसलेल्या फाइली पुसण्याचाच पर्याय देतं. आपोआप पुसण्याला ९० दिवस दिले. इथे लग्न साधारण दोन महिन्यांत हातावेगळं होतं, म्हणून तेवढे पुरे. चालू लग्नाची कॅश गेली तरी नुकसान काही नाही, पुन्हा तयार होते, फक्त चहा होईपर्यंत थांबावं लागतं. स्क्रॅच डिस्कचा, म्हणजे कामचलाऊ फाइलींच्या जागेचा, कारभार 'प्रोजेक्टच्या शेजारी' असा होता तो तसाच ठेवला आणि प्रोजेक्टच व्हीवर नेली, म्हणजे प्रिव्ह्यू आणि ऑटो-सेव्ह आपसूक तिकडे. आफ्टर इफेक्ट्सची डिस्क कॅशही व्हीवर, आणि तिला वरची मर्यादा घातली, कारण ती दिली तेवढी जागा घेते.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचं पान असतं. तिथून दोन्ही व्हीवर सरकवली. मुलाची डेस्कटॉपवर एक्स्पोर्ट करायची सवय मोडणं माझ्या हातात नव्हतं, डेस्कटॉपच हलवणं होतं. हायबरनेशन बंद केलं, ६.४ जीबी सुटले. फास्ट स्टार्टअप त्याच्याबरोबर जातं, पण एसएसडीवर त्यानं काही बिघडत नाही.

एवढं झाल्यावर सीवर मोकळी जागा १६० जीबीच्या आसपास. प्रीमिअर जागचं हललेलं नाही. अण्णा बराच वेळ त्या निळ्या पट्टीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे सॉफ्टवेअरचा काय संबंधच नव्हता."

होता, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरचा. मुलाला डाविंची रिझॉल्व्ह शिकायचं होतं, रंगकामासाठी. फुकटची आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट देते, लग्नाला त्याहून जास्त लागत नाही. ते मात्र व्हीवर टाकलं. सीवर आता जागा होती हे खरं, पण २२३ जीबीच्या डिस्कवर कशाला दाटी? एसएसडी काठोकाठ भरली की तिचं लिहिणं मंदावतं, तिला आतली साफसफाई करायला मोकळी जागा लागते. आणि व्ही ही सीइतकीच, किंबहुना जास्त, वेगवान, कायम आत बसलेली डिस्क. दुसऱ्या ड्राइव्हवर सॉफ्टवेअर टाकायला ज्या अटी लागतात त्या इथे पुऱ्या होत होत्या. अक्षर पक्कं, फॉरमॅट एनटीएफएस, केबल ओढून कुणी काढणार नाही, वेग सीपेक्षा कमी नाही.

रिझॉल्व्हचा इन्स्टॉलर आधी कुठले भाग हवेत ते विचारतो आणि पुढे जागेचं पान दाखवतो. लोक 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत तिथून निघून जातात. तिथे थांबून सीच्या जागी व्ही लिहायचं. पण इथेही तीच गोष्ट: प्रोग्राम व्हीवर गेला तरी त्याचं प्रोग्रामडेटा आणि ॲपडेटातलं सामान सीवरच जातं. आणि त्या ॲपडेटात रिझॉल्व्हची प्रोजेक्ट लायब्ररी असते. प्रीमिअरची प्रोजेक्ट ही साधी फाइल असते, डोळ्यांना दिसते, कॉपी करता येते. रिझॉल्व्हची प्रोजेक्टं या लायब्ररीत लपलेली असतात. उद्या सी फॉरमॅट केला तर व्हीवरचं सॉफ्टवेअर दिसत राहील आणि महिन्याभराचं काम गेलेलं असेल. म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरमधून नवी लायब्ररी व्हीवरच्या फोल्डरात उघडून दिली. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया स्टोरेजच्या यादीत पहिली ओळ व्हीची केली, कारण रेंडर कॅश आणि गॅलरीतली चित्रं रिझॉल्व्ह त्या पहिल्या ओळीवर टाकतं.

जागेनं जे सुटत नाही तेही सांगतो. नवी डिस्क लावल्यावरही एका कॅमेऱ्याचं फुटेज टाइमलाइनवर अडकतच होतं. मुलगा हिरमुसला, अण्णांनी माझ्याकडे बघितलं. टास्क मॅनेजरमध्ये व्ही निवांत, पाच टक्क्यांवर, आणि प्रोसेसर शंभरवर. तो कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या रूपात, शूट करत होता. जीटीएक्स १६५० एच.२६४, म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं दाबलेला व्हिडिओ, उलगडतं, पण ४:२:२ नाही. एनव्हीडियाच्या कार्डांत ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणजे प्रत्येक फ्रेम प्रोसेसर स्वतः सोलत होता. इथे डिस्क बदलून, सॉफ्टवेअर हलवून काही होणार नाही. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, करायच्या. फुल एचडी प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ मेगाबिट, तासाला सुमारे १७ जीबी. तीन कॅमेरे तीन-तीन तास चालले तर दीडशेच्या आसपास, आणि त्या ठेवायला व्हीवर जागा आहेच. प्रोग्राम मॉनिटरखालचं प्रॉक्सीचं बटण चालू करून ठेवायचं, एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरूनच होतं. रिझॉल्व्हमध्ये ४ जीबीचं कार्ड कमी पडतं आणि ग्राफिक्स मेमरी संपल्याचा निरोप येतो. त्यावर टाइमलाइन फुल एचडीवर ठेवण्याचा उपाय चालतो. खरा उपाय नवं कार्ड आहे, पण तो हंगाम संपल्यावर.

पिवळी डी आता मशीनमध्ये नाही. तिच्या जागी नवी फिरती डिस्क बसली आहे, तिच्यावर फक्त दिलेली लग्नं जातात, आणि त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. चालू काम व्हीवर. लग्न दिलं की मुलगा त्याच्या प्रिव्ह्यू आणि प्रॉक्सी पुसतो आणि उरलेलं डीवर ढकलतो. हे तो दर वेळी करतो असं नाही. मागे गेलो होतो तेव्हा व्हीवर तीन दिलेली लग्नं तशीच पडलेली होती.

एक काम शिल्लक आहे. प्रीमिअरची नवी मोठी आवृत्ती आली आणि जुनी काढली नाही की ती जुनीच्या शेजारी बसते, आणि सीवर पुन्हा दोन-दोन प्रीमिअर होतात. नव्यात उघडून सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही, म्हणून अर्ध्यावर असलेली लग्नं जुन्यातच संपवायची आणि मगच जुनं काढायचं. अण्णांना सांगून ठेवलंय की अपडेटचं निळं बटण दिसलं तरी शेवटच्या तिथीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मुलानं क्रिएटिव्ह क्लाउडमधलं ऑटो-अपडेट माझ्यासमोरच बंद केलं.